ह्यांची वही

सप्रेम नमस्कार मंडळी,

आमच्याकडे 'मंडळी' या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक सगळ्या मराठी माणसांना माहीत असलेला. दुसरा म्हणजे चर्च. "या रविवारी मंडळीत दिसला नाहीत?" असं आम्ही ख्रिस्ती लोक एकमेकांना विचारतो. तेव्हा वरचा नमस्कार ज्याने त्याने आपापल्या अर्थाने घ्यावा.

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला होता. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचे यजमान अचानक गेले. भाची म्हणाली, "मावशी, तू त्या वेळी कशी सावरलीस ते लिही ना. मी तिला वाचायला देते." मी हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर विचारात पडले. कशी सावरले? खरं सांगायचं तर कधी सावरले हेच मला आठवत नाही. ताप उतरतो तसं ते झालं. कुठल्या घटकेला उतरला ते कळत नाही. एका सकाळी उठल्यावर एवढंच लक्षात येतं की आज चहाला चव आहे.

त्यामुळे सावरण्याचं मला सांगता येणार नाही. पण एका वहीची गोष्ट सांगता येईल. ती सांगते.

आमचे हे एस.टी.त होते. चौतीस वर्षं भांडार विभागात कारकुनी केली. टायर, नट-बोल्ट, स्प्रिंगा यांच्या नोंदी ठेवण्यात आयुष्य गेलं. हिशेब चोख, पण अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घाशी सात जन्मांचं वैर. इकडे मी मराठी विषय घेऊन बी.ए. झालेली, तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली. हे मला घरातसुद्धा 'बाई' म्हणत. "बाई, भाजी आणली आहे, तपासून घ्या."

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि चर्चची दारं बंद झाली. आमच्या नगरात (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या तोंडी नगरच बसलंय) रविवारची घंटा वाजली नाही असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. पहिले दोन रविवार मोबाईलवर उपासना ऐकली. तिसऱ्या रविवारी हे म्हणाले, "हे काही खरं नाही. माणसं खोकताना ऐकू आली पाहिजेत, तर चर्च." आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून दोनशे पानी वही घेऊन आले. म्हणाले, "स्तोत्रसंहिता लिहून काढतो. दीडशे स्तोत्रं आहेत. तोवर उघडेल."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. स्तोत्रसंहिता म्हणजे बायबलच्या जुन्या करारातलं प्रार्थनागीतांचं पुस्तक. एकूण दीडशे गीतं. कुठे स्तुती, कुठे पश्चात्ताप, कुठे नुसती रडारड. सर्वांत छोटं ११७ वं, दोनच वचनांचं. सर्वांत मोठं ११९ वं, तब्बल १७६ वचनांचं.

हे रोज सकाळी चहा झाला की खिडकीशी बसून लिहायचे. मोठ्याने एकेक शब्द पुटपुटत. चाळीसेक स्तोत्रं झाल्यावर एक दिवस कौतुकाने वही माझ्यापुढे ठेवली. "बाई, बघा."

आता माझं काय चुकलं ते सांगते. मी उठून लाल पेन आणलं.

सवयीने हो. तेहतीस वर्षांची सवय. 'आशिर्वाद' दिसला की हात आपोआप चालतो. पहिल्याच पानावर सात गोल केले. 'उध्दार', 'दुख', 'आशिर्वाद'... हसत हसत म्हटलं, "देवाला तरी शुद्ध लिहून द्या." ते हसले. वही मिटून घेऊन गेले. त्यानंतर लिहीत राहिले, पण वही मला पुन्हा कधी दाखवली नाही. मीही विचारलं नाही. घरात अशा गोष्टींना फारसं कुणी महत्त्व देत नाही. माणूस समोर असेतोवर वाटतं, बघू कधीतरी.

चर्च मध्यंतरी नोव्हेंबरमध्ये उघडलं. पुढचा ईस्टर, ४ एप्रिल २०२१ चा, आम्ही मास्क लावून, लांब लांब बसून केला. लगेचच पुन्हा निर्बंध आले. त्याच महिन्यात आम्हा दोघांनाही ताप आला. मला घरीच ठेवलं, त्यांचा ऑक्सिजन उतरत होता म्हणून त्यांना हलवलं. पलंगासाठी मुलाने किती फोन केले ते दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. ॲम्ब्युलन्समध्ये चढताना ते मास्कमधून काहीतरी बोलले. मला ऐकू आलं नाही. मी दारातून हात हलवला आणि "हो, हो" म्हटलं. कशाला हो म्हटलं ते मला आजतागायत माहीत नाही.

दहाव्या दिवशी ते गेले.

दफनविधी मी मोबाईलच्या पडद्यावर पाहिला. मुलगा, आणि पांढरे पोशाख घातलेले चौघे जण. पाळकसाहेब लांब उभे राहून प्रार्थना म्हणत होते. वाऱ्याने त्यांचे शब्द येत नव्हते. मधेच चित्र थांबलं. पुन्हा आलं तेव्हा माती लोटून झाली होती.

मला रडू आलं नाही. राग आला. लोक फोन करायचे. "देवाची इच्छा." "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात." मी "हं" म्हणायची आणि मनात म्हणायची, मग असल्या देवाशी माझं काही बोलणं नाही. लहानपणापासून संध्याकाळची प्रार्थना चुकवली नव्हती, ती बंद केली. बायबल कपाटात ठेवलं. पाळकसाहेबांना येऊ का म्हणून विचारलं तर नको म्हणून सांगितलं. बायबलवर्गात मुलांना चाळीस वर्षं गोष्टी सांगणारी मी! ही गोष्ट तेव्हा मी कुणाला बोलले नाही. आज पहिल्यांदाच लिहिते आहे. नातेवाईकांपैकी कुणाला वाईट वाटलं तर वाटू द्या.

त्या दिवसांत शेजारच्या वहिनी काय करत होत्या ते मात्र सांगायलाच हवं. त्यांचं-आमचं देवघर वेगळं, पण कंपाउंडची भिंत एक. रोज दुपारी साडेबाराला त्या भिंतीवर डबा ठेवायच्या आणि हाक मारायच्या, "बाई, डबा ठेवलाय, गरम आहे तोवर खा." बस्स. ना उपदेश, ना सांत्वन. मुगाची खिचडी, कधी पिठलं, कधी नुसता मऊ भात आणि मेतकूट. माझं विलगीकरण चौदा दिवसांचं, डबा महिनाभर आला. मी धुऊन परत ठेवायची, तो भरून यायचा.

नंतर कधीतरी मला एलीयाची गोष्ट आठवली. हीच गोष्ट मी बायबलवर्गात कितीदा सांगितली होती! एलीया संदेष्टा थकून, हरून रानात एका झुडपाखाली पडतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे, मला मरण दे. देव त्याला त्या वेळी काही समजावून सांगत नाही. दूत येतो, त्याला हात लावून उठवतो आणि भाजलेली भाकर नि पाणी पुढे ठेवतो. तो खाऊन पुन्हा झोपतो. दूत परत येतो, परत खायला घालतो. बोलणं पुष्कळ नंतरचं. इतकी वर्षं मी मुलांना या गोष्टीतला पुढचा डोंगर, वारा, भूकंप, अग्नी यांचं वर्णन रंगवून सांगायची. भाकरीवरून भरकन पुढे जायची. भाकरीच खरी होती हे कळायला सत्तरी उलटावी लागली.

७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी, राज्यातली सगळी प्रार्थनास्थळं पुन्हा उघडली. वहिनी देवीला जाऊन आल्या. मला म्हणाल्या, "तुमचंही उघडलं असेल ना?" मी म्हटलं, "असेल." त्या रविवारी मी गेले नाही. घंटा ऐकत घरात बसले. मग नुसतं बसवेना म्हणून ह्यांचं टेबल आवरायला घेतलं. सहा महिने त्याला हात लावला नव्हता. विजेची बिलं, चष्म्याची रिकामी पेटी, आणि खाली ती वही.

त्रेसष्टावं स्तोत्र पूर्ण झालेलं होतं. खाली रेघ आणि तारीख, १२ एप्रिल २०२१. भांडाराच्या रजिस्टरात मारायचे तशी सही. पुढे कोरी पानं.

कोरी पानं उलटत उलटत मी शेवटाला आले आणि थबकले. वहीच्या मागच्या बाजूने, उलटीकडून, त्यांनी काहीतरी लिहिलेलं होतं. 'आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद, आशीर्वाद.' खाली 'उद्धार' पाच वेळा. खाली 'दुःख' पाच वेळा, प्रत्येक विसर्ग ठळक. मी गोल केलेला एकूण एक शब्द. शाळेत मी मुलांना द्यायची तीच शिक्षा, चुकलेला शब्द पाच वेळा लिहून आणा.

मी समजत होते की ते दुखावले. म्हणून वही दाखवत नाहीत. ते तर गृहपाठ करत होते.

सहा महिन्यांत पहिल्यांदा मी रडले. मोठ्याने. वहिनी भिंतीपलीकडून हाका मारायला लागल्या इतकी.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर खिडकीशी बसले आणि चौसष्टावं लिहायला घेतलं. श्रद्धा परत आली म्हणून नव्हे, हे नीट लक्षात घ्या. देवाशी अबोला चालूच होता. पण अर्धवट वही मला बघवेना. जित्याची खोड! माझ्या वर्गात कुणी अपुरी वही ठेवलेली मी चालवून घेतलेली नाही.

आमच्या नगरात राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला अशा वेळी लक्ष्मीबाई टिळक आठवल्याशिवाय राहत नाहीत. रेव्हरंड टिळक १९१९ साली गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं. ज्या बाईला लग्न झाल्यावर लिहायवाचायला आलं, तिने ते पुरं केलं. मी 'स्मृतिचित्रे' वर्गात शिकवताना मुलांना लक्ष्मीबाईंचा विनोद शिकवला, भाषा शिकवली. पण नवरा गेल्यावर त्याचं अपुरं काव्य हाती घेऊन बसलेली ती बाई मला तेव्हा दिसली नव्हती. मी काही लक्ष्मीबाई नव्हे, माझं काम नकलेचं. पण रोज सकाळी बसायचं ते तसंच.

सुरुवातीला दिवसाला तीन-चार वचनं व्हायची. हात कापायचा. ७१ वं स्तोत्र आलं, ते म्हाताऱ्या माणसाची प्रार्थना आहे, केस पिकले तरी मला टाकू नकोस अशा अर्थाची. ते लिहिताना मी एकदा वर बघितलं. बोलले काही नाही.

मग २०२२ च्या मार्चमध्ये, ईस्टरआधीचे उपवासाचे चाळीस दिवस सुरू झाल्यावर, ८८ वं आलं.

स्तोत्रांची एक रीत असते. आधी तक्रार, मग विनवणी, आणि शेवटी कुठेतरी वळण येऊन स्तुती. तेरावं घ्या, सहाच वचनांचं. गाऱ्हाण्याने सुरू होतं आणि गाण्याने संपतं. तक्रारीची बहुतेक स्तोत्रं अशीच शेवटी उजेडात येतात. ८८ वं येत नाही. अठरा वचनं, आणि अठराही अंधारातली. तो माणूस रात्रंदिवस हाका मारतो आहे, उत्तर नाही, जिवाभावाची माणसं दूर गेलेली. मी लिहीत गेले आणि वळणाची वाट बघत राहिले. शेवटचं वचन लिहिलं. पान उलटलं. पुढे ८९ वं. वळण नव्हतंच. मूळ हिब्रूत या स्तोत्राचा शेवटचा शब्दच 'अंधार' असा आहे म्हणतात.

पेन खाली ठेवलं आणि पुष्कळ वेळ तशीच बसले. मला वाटत होतं की मी प्रार्थना बंद केली आहे. माझ्या मनात जे चाललं होतं ते तर सगळं इथे लिहिलेलं होतं, कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी. आणि ज्यांनी हा ग्रंथ जमवला त्यांनी ते गाळलं नव्हतं. शेवटी एखादी गोड ओळ जोडून सुधारलं नव्हतं. लाल पेन घेऊन त्यावर गोल केला नव्हता. दीडशे स्तोत्रांत त्यालाही जागा दिली, आणि नाव प्रार्थनाच दिलं. येशूनेही वधस्तंभावर २२ व्या स्तोत्राचीच सुरुवात उच्चारली, देवाला 'का' विचारणारी. म्हणजे माझा राग चर्चच्या बाहेरचा नव्हता. तो आतच होता. त्याला बसायला बाक होता.

त्या संध्याकाळी मी अकरा महिन्यांनी प्रार्थना केली. प्रार्थना कसली, भांडलेच. ॲम्ब्युलन्सपाशी ते काय बोलले ते मला ऐकू का येऊ दिलं नाहीस, असं विचारलं. उत्तर आलं नाही. अजूनही आलेलं नाही. पण झोप लागली.

१७ एप्रिल २०२२ ला ईस्टर होता. ईस्टरच्या पहाटे आमच्याकडे लोक दफनभूमीत जातात, मेणबत्त्या लावतात, फुलं ठेवतात, तिथेच उपासना होते. मुलगा पुण्याहून आला होता. आदल्या दिवशी आम्ही कबरीभोवतीचं गवत काढून चुना मारला. पहाटे अंधारात पाळकसाहेबांनी मार्काच्या शुभवर्तमानातला भाग वाचला. मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे, तिघी सुगंधी द्रव्यं घेऊन कबरेकडे निघाल्या आहेत. वाटेत एकमेकींना विचारताहेत, दारावरची धोंड आपल्यासाठी कोण लोटणार?

हा भाग जन्मभर ऐकला होता. त्या पहाटे पहिल्यांदा एक गोष्ट लक्षात आली. त्या बायका आशेने निघाल्या नव्हत्या. येशू उठेल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं, नाहीतर मृतदेहाला लावायची द्रव्यं कशाला नेली असती? धोंड कशी हलणार हेही ठरलेलं नव्हतं. त्या काम घेऊन निघाल्या होत्या. प्रेमाच्या माणसाचं राहिलेलं एक काम. आशा त्यांना तिथे जाऊन भेटली. आणि भेटली तेव्हाही त्या लगेच आनंदल्या नाहीत. मार्क सांगतो, त्या थरथरत पळाल्या आणि भीतीने कुणाला काही बोलल्या नाहीत.

मला एवढं पुरलं. आजवर वाटायचं की आधी आशा वाटायला हवी, मग माणूस उठतो. नाही. उठायचं, हातातलं राहिलेलं काम करायचं. धोंडीची काळजी वाटेतच करायची.

ईस्टरनंतरच्या रविवारी मी चर्चमध्ये गेले. मागच्या बाकावर बसले. कुणीतरी खोकलं, आणि मला हसू आलं.

पुढची गोष्ट थोडक्यात. ११९ वं स्तोत्र लिहायला बावीस दिवस लागले. मुळात ते हिब्रू वर्णमालेतल्या बावीस अक्षरांवर रचलेलं आहे, एकेका अक्षराने सुरू होणारी आठ-आठ वचनं. मी रोज एक अक्षर घेतलं. भाषेच्या बाईला हा खेळ फार आवडला. आमच्या मंडळीतल्या एका बाईंचा तरुण मुलगा त्याच लाटेत गेला होता. त्या कुणाशी बोलत नसत. त्यांना एकदा वही दिली आणि म्हटलं, ८८ वं वाचा. आठवड्याने परत आणून दिली. म्हणाल्या, "हे बायबलमध्ये आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." आता आम्ही दोघी बुधवारी दुपारी बसतो. एक जण वाचते, एक ऐकते. कधी त्या नुसत्याच येऊन चहा घेऊन जातात. तेही चालतं.

डिसेंबर २०२२ मध्ये, नाताळच्या आधी, १५० वं झालं. सहाच वचनं, सगळी वाद्यं वाजवून केलेली स्तुती. खाली रेघ मारली, तारीख घातली. सही कुणाची करायची? दोघांची केली.

तेव्हा भाचीच्या मैत्रिणीला माझा निरोप इतकाच. आशा वाटत नसेल तर ओढूनताणून वाटवून घेऊ नकोस. देवावर रागावली असशील तर रागाव, त्याला सवय आहे. पण कुणी भिंतीवर डबा ठेवला तर गरम आहे तोवर खा. आणि घरात त्यांचं काही अपुरं राहिलं असेल, रोपांना पाणी घालायचं असेल, कुणाचे शंभर रुपये द्यायचे असतील, तर एक दिवस ते हाती घे. मला धोंड कुणी लोटली, केव्हा लोटली, माहीत नाही. मी वर पाहिलं तेव्हा ती लोटलेली होती.

ती वही आता बायबलशेजारी असते. पहिल्या पानावरचे सात लाल गोल तसेच आहेत. खोडावे असं एकदा वाटलं होतं. मग म्हटलं, राहू देत. त्या गोलांमुळेच तर मागचं पान लिहिलं गेलं.

असो. लिहिता लिहिता बरंच लांबलं. वरच्या मजकुरात शुद्धलेखनाच्या चुका आढळल्या तर जरूर कळवा.

पाच वेळा लिहीन.